न फुटलेला स्टोव्ह

स्टोव्ह फुटलेला नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत चिंचेच्या कोळानं बरबटलेले होते आणि गॅलरीत दुपारचं ऊन असं पडलं होतं, की घासलेल्या पितळेकडे बघवत नव्हतं. गेले दोन-तीन दिवस मी त्या टाकीवरची काळीहिरवी पुटं काढत होते. आधी चिंच आणि मीठ, मग लिंबाची सालं, मग राख, मग पुन्हा चिंच. टाकीचं गोल पोट तळहाताखाली फिरवताना बोटं काहीतरी शोधत होती. एखादी चीर, एखादा पोचा, उसवलेली शिवण. आपण शोधतोय हेसुद्धा मला कळलं ते काही सापडलं नाही तेव्हा. टाकी सगळीकडून शाबूत होती. तळाचा शिक्का पुसट झालेला, तीन पायांपैकी एक किंचित वाकडा, बाकी काही नाही. लहानपणापासून आमच्या घरात या वस्तूला एकच नाव होतं, 'तो फुटलेला स्टोव्ह'. आणि तो फुटलेला स्टोव्ह माझ्या मांडीवर धडधाकट बसला होता. मी बादलीत हात बुडवले, गाऊनला पुसले आणि स्वतःलाच म्हटलं, ब्राह्मीबाई, चष्म्याचा नंबर वाढला असेल, पुन्हा बघा. मग चष्मा लावून पुन्हा बघितलं.

तो निघाला आईच्या ट्रंकेतून. सांगलीचं घर विकलं, भाऊ बंगळूरला गेला आणि आई साताऱ्याला आमच्याकडे आली, त्याला आता वर्ष होईल. येताना तिनं आणलं काय, तर पार्श्वनाथाची बोटभर मूर्ती, पाणी उकळून ठेवायची तांब्याची कळशी आणि ही ट्रंक. ट्रंकेला वर्षभर तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. दिवाळीच्या साफसफाईत वाळवीचं निमित्त करून मीच ती हट्टानं उघडली. वर लुगडी, मधे लुगडी, तळाशी विटक्या इरकलीत काहीतरी जड गुंडाळलेलं. मी ते सोडत असताना अपूर्वा फोनवर होती. माझी मुलगी पुण्यात घरं सजवायचं काम करते, म्हणजे लोकांच्या आज्यांच्या वस्तू दुसऱ्याच लोकांच्या भिंतीवर टांगते. तिला फोनमधूनच ते पितळ दिसलं. "आई! व्हिंटेज! मला दे, मी त्याचा लॅम्प करते." मी म्हटलं, स्टोव्हचा दिवा करणार असशील तर पोळपाटाचं घड्याळही कर. "ते केलंय गं, दोन विकले," ती म्हणाली. या पोरीपुढे डोकं फोडून उपयोग नाही. मी एवढंच सांगितलं, की देईन, पण आधी दुरुस्त करून एकदा पेटवीन, मगच. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या हातांना काम लागतं. सुमंत, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की तुला रिकामपण सोसत नाही. खरंच नाही सोसत. रिकामं बसलं की डोक्यात नको ते माणूस येऊन बसतं. आईला विचारलं, करू का गं हा नीट? ती खाटेवर बसून माळ ओढत होती. तिनं स्टोव्हकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा स्टोव्हकडे. "कर," म्हणाली. "तुला जमंल."

हा स्टोव्ह माझ्या काकूचा. काकू म्हणजे माझ्या वडलांच्या धाकट्या भावाची बायको, अनंतमती. ती कुंडलची. लग्न होऊन सांगलीत आमच्या घरी आली तेव्हा मी चालायला लागले होते, आणि गेली तेव्हा मी पहिलीत होते. तेवढ्यात तिनं मला किती गोष्टी शिकवल्या, त्यांतली एक म्हणजे हा स्टोव्ह पेटवणं. आजच्या मुलांना सांगूनही खरं वाटणार नाही, पण आमच्याकडे पहिलीतली पोरगी स्टोव्ह पेटवायची. बर्नरखालच्या वाटीत बाटलीच्या बुचानं स्पिरिट ओतायचं, काडी लावायची, निळसर ज्योत बर्नर तापवते तोवर थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. घाई केली की पिवळा भडका. मग चावी आवळायची आणि पंप मारायचा. काकू माझ्या हातावर हात ठेवून पंप मारायची आणि मग एकदम तो आवाज सुरू व्हायचा, घर भरून टाकणारा, दुसऱ्या कशालाच जागा न ठेवणारा. त्या आवाजात काकू मोठमोठ्यानं बोलायची. पुढे तिला सवयच झाली होती, स्टोव्ह बंद झाल्यावरही ओरडूनच बोलायची, आणि आजी पुढच्या खोलीतून म्हणायची, "बाजारात बसलीस व्हय गं?" मग काकू माझ्याकडे बघून डोळे मोठे करायची. काका तिला मारायचा. हे मला माहीत होतं, म्हणजे घरातल्या लहान मुलांना जसं माहीत असतं तसं, कुणी न सांगता. आमचा हळदीचा व्यापार होता. काकाचे हात कायम पिवळे असायचे, आणि काकूच्या दंडावर कधीकधी हळद लागलेली असायची.

मग एका रात्री चहा करताना स्टोव्ह फुटला आणि काकू भाजली. दवाखान्यात दोन दिवस होती, मग गेली. ही गोष्ट मी याच शब्दांत ऐकली आणि याच शब्दांत सांगत आले. शाळेत सांगितली, कॉलेजात सांगितली, लग्नाआधी सुमंतला वाईच्या घाटावर सांगितली तेव्हा त्यानं माझा हात धरला होता. तेव्हाच्या पेपरात रोज एक तरी अशी बातमी असायची. स्टोव्ह फुटतच असत, आणि फुटले की जवळ एखादी सूनच असे, कधी सासू किंवा दीर नसे, यावर पुढे भाषणंही झाली, मोर्चे निघाले. मी तरुणपणी एका मोर्चात गेलेही होते, हातात फलक घेऊन. त्या मोर्चात चालताना मला काकूची आठवण आली होती आणि मी मनात म्हटलं होतं, पण आमचा खरंच फुटला हो. आमचा खरंच फुटला. लहानपणी ऐकलेली गोष्ट माणूस तपासत नाही. ती अंगावरच्या तिळासारखी असते, आहे म्हणजे आहे.

आता रिकाम्या टाकीला वरून साबणाचा फेस चोळला आणि तोंडाला सायकलचा पंप लावून हवा मारली. चीर असती तर बुडबुडा आला असता. एकही आला नाही. बर्नरही साधा, रोजच्या वापरानं जेवढा काळवंडतो तेवढाच. मला वाटलं, असेल, आपल्याला यातलं काय कळतं? म्हणून खालच्या मजल्यावरच्या लालासाहेबांना बोलावलं. हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्यात दर दोन घरांमागे एक फौजी असतो, आमचा हा. त्यांनी स्टोव्ह दोन्ही हातांनी उचलला, लेकरू उचलावं तसा. "आवं ताई, बर्फात पोस्टवर आमचा जीव ह्येच्यावरच व्हता. बर्फ वितळवायचं, डाळ शिजवायची, हात शेकायचं, समदं." मी विचारलं, हा फुटला होता असं वाटतं का? त्यांनी टाकी उलटीपालटी केली, कानाशी धरून हलवली. "न्हाई ओ. फुटला असता तर ही शिवण ऱ्हायली नसती." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी घाईघाईनं भर घातली, "पर न फुटता बी भडका उडतोय की. बर्नर नीट तापला न्हाई, आन् तुमी पंप हाणला, तर ह्या एवढ्या ज्वाळा येत्यात. लय लोकं भाजल्यात तसली." मला केवढं बरं वाटलं! भडका उडाला असेल, लोक त्यालाच फुटला म्हणतात. काकू घाईची होतीच. मी लालासाहेबांना दोन वेळा चहा पाजला. पंपाचा वायसर वाळून कडक झाला होता, तो चामड्याचा लागतो. ते घरी जाऊन जुन्या बुटाच्या जिभेतून एक गोल कापून घेऊन आले आणि दारातच कुजबुजले, "आईंना सांगू नका, कातडं हाय." रॉकेलही त्यांनीच दिलं. रॉकेल आता औषधालाही मिळत नाही, पण फौजी माणसाच्या माळ्यावर काय नसतं! वायसर मी शेंगदाण्याच्या तेलात भिजत घातला आणि वाटी कपाटामागे लपवली, चोरासारखी.

दुसऱ्या दिवशी सुमंत वाईला भावाकडे गेला आणि दुपारी मी स्टोव्ह पेटवला. आईला गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून दिली होती. ती पाय वर घेऊन बसली. मी वाटीत स्पिरिट ओतलं, काडी लावली. ती निळी ज्योत उन्हात दिसतच नव्हती, नुसती वरची हवा थरथरत होती. मी थांबले. थांबायचं असतं, हे हाताला ठाऊक होतं. मग चावी आवळली, पंप मारला, एकदा, पुन्हा, पुन्हा, बर्नर खोकला, एक पिवळी जीभ बाहेर आली आणि आत गेली, आणि आवाज सुरू झाला. मी मागे सरकले. एवढ्याशा पितळेच्या पोटातून एवढा आवाज येतो, हे मी विसरले होते. समोरच्या गॅलरीत बायका येऊन उभ्या राहिल्या. रस्त्यावरचा रिक्षावाला वर बघायला लागला. पण मी तिथे नव्हतेच. मला रॉकेलचा वास आला, आणि त्याच्या मागून काकूच्या डोक्याला लावलेल्या खोबरेल तेलाचा, आणि हळदीच्या पोत्यांचा, आणि माझ्या हातावर तिचा हात होता, थोडा ओलसर, बांगड्या वर सारलेल्या. ती काहीतरी ओरडून सांगत होती. मी वळून आईकडे बघितलं. आईचे ओठ हलत होते. "काय?" मी ओरडले. ती पुन्हा काही म्हणाली. काही ऐकू आलं नाही. अजिंक्यताऱ्याकडून दुपारचा भोंगा झाला असेल तर तोही ऐकू आला नाही. हा आवाज चालू असला की घरात दुसरं काही ऐकूच येत नसे.

आणि मग मला त्या रात्रीची घंटा आठवली. बोलवायला न जाता आलेली आठवण. काकू भाजली त्या रात्री मी आणि भाऊ पुढच्या खोलीत आजोबांशेजारी बसून णमोकार म्हणत होतो. पलीकडच्या बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, आरतीची घंटा चालू होती. ती मी ऐकली होती. पाल चुकचुकली, तेव्हा आजोबांनी जमिनीवर बोट आपटलं होतं, ती पालही मी ऐकली होती. आतल्या खोलीत काका काहीतरी हळू बोलत होता, शब्द कळत नव्हते, पण तो हळू बोलतोय हे कळत होतं. मग कडी. लोखंडी कडी लागल्याचा आवाज. मग रॉकेलचा वास आणि मग काकूची किंकाळी, आणि आई माझ्या अंगावरून धावत आत गेली. हे सगळं मी ऐकलं होतं. आज स्टोव्हपाशी बसून मला आईचा आवाज हातभर अंतरावरून ऐकू येत नव्हता, आणि त्या रात्री दोन खोल्या पलीकडची पाल ऐकू आली होती. मी चावी सैल केली. स्टोव्हनं लांब सुस्कारा टाकला आणि गप्प झाला. कानात नुसतं घुमत राहिलं. मी आईला विचारलं, मघाशी काय म्हणत होतीस? ती म्हणाली, "काय न्हाई. ज्योत चांगली आली म्हटलं."

त्यानंतरची दुपार मी कशी काढली ते मलाच सांगता येणार नाही. स्वतःशीच वाद घालत होते. म्हटलं, पेटवण्याआधीच भडका उडाला असेल. तसं असेल तर आवाज येणारच नाही. लालासाहेब म्हणालेच होते. मग वाटलं, पण कडी? कडी कशाची होती? सहा वर्षांच्या पोरीनं ऐकलेली कडी, तिचं काय घेऊन बसलीस. मी कपडे घड्या केले, त्याच पुन्हा मोडल्या आणि केल्या. मला भीती वाटत होती, आणि ती काकूची नव्हती. मेलेल्या माणसाची कसली भीती. मला आईची भीती वाटत होती. आजी गेली, आजोबा गेले, काका दुसरं लग्न करून, मुलंबाळं होऊन, नातवंडं खेळवून गेला, माझे वडील, आमचे दादा, गेले. त्या रात्री त्या घरात असलेलं एकच मोठं माणूस आता उरलं होतं आणि ते माझ्या घरात, माझ्या खाटेवर माळ ओढत बसलं होतं. तिला विचारलं आणि तिनं सांगितलं, तर त्यानंतर मी तिला आई कशी म्हणणार? आणि विचारलंच नाही, तर रोज तिच्यासमोर बसून जेवणार कशी? एकीकडे आड आणि दुसरीकडे विहीर, ते हेच.

पाच वाजले तशी मी सवयीनं तिचं ताट वाढायला घेतलं. आई सूर्यास्तानंतर पाणीदेखील घेत नाही. आमच्या सांगलीच्या घरात तर कुणीच घेत नसे. कार्तिकात दिवस लहान, म्हणून ताट लवकर. दोन भाकऱ्या, दोडक्याची भाजी, आमटी, वर ताक. माझं लग्न वेगळ्या घरात झालं, मी रात्री दहाला जेवते, अपूर्वा तर बाराला नूडल्स खाते, पण आई आल्यापासून पाच वाजता माझे हात आपोआप ताटाकडे वळतात. आई जेवली, ताटात पाणी घालून तेच प्यायली, चूळ भरली आणि खिडकीतून मावळतीकडे बघत म्हणाली, "झालं बाई वेळेत. भांडी पालथी घाल." सांगलीत ती रोज संध्याकाळी हेच म्हणायची. अनंतमती, भांडी पालथी घाल. मग काकू स्टोव्ह पुसून, कोपऱ्यात सरकवून, वर टोपली ठेवायची, किडामुंगी मरू नये म्हणून. दिवस मावळला की आमच्या घरात विस्तव नसे. आजारी पोराला दूध लागलं तरी गार प्यायचं. मी हातात आमटीचं पातेलं घेऊन तशीच उभी राहिले. रात्री चहा करताना. रात्री. चहा. एवढी वर्षं हे वाक्य माझ्या तोंडात होतं आणि माझ्या दाताखाली ते एकदाही आलं नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "आपल्यात रात्री चहा कुठला?"

ती खिडकीच्या गजाला धरून उभी होती. मग ती येऊन खाली बसली, भिंतीला टेकून, आणि पदर सावरला. "लय दिस लावलेस," म्हणाली.

मी पातेलं ठेवलं आणि तिच्यासमोर फरशीवर बसले. ती थांबत थांबत बोलली, रडली नाही. "स्टोव्ह सकाळपासनं थंड व्हता. टोपलीखाली. तिनं पेटी भरली व्हती, कुंडलला जायची. परत येनार न्हाई म्हनाली. भाऊजींनी आत नेली तिला, सासूबाई बी गेल्या. मग सासूबाई एकट्याच भाईर आल्या, मग भाऊजी. कडी लावली. मी रॉकेलच्या वासावर धावले. कडी मी काढली, ब्राह्मी. पर उशीर झाला व्हता."

"आणि मग सगळ्यांनी स्टोव्हचं नाव सांगितलं."

"आमी न्हाई सांगितलं," आई म्हणाली. "ते तिनंच सांगितलं."

मला कळेना. आई म्हणाली, दवाखान्यात जबाब घ्यायला साहेब आला. तो कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातला, नवीन. अनंतमतीच्या उशाशी सासूबाई, दारात भाऊजी, पायाशी कुंडलहून आलेले तिचे वडील आणि त्यांच्यामागे मी. "साहेबानं विचारलं, बाई, काय झालं? तिनं एकेकाकडं बघितलं. म्हनाली, रात्री चहा ठेवत व्हते, स्टोव्ह फुटला. आनि माझ्याकडं बघतच ऱ्हायली. तिला बोलवत नव्हतं. तरी पुन्हा म्हनाली, रात्री. दिवस मावळल्यावर. चहा. अशी मोजून मोजून." आईनं हातातली माळ मांडीवर ठेवली. "सासू उशाशी असताना सरळ कसं सांगनार? म्हनून तिनं असलं सांगितलं, जे आमच्यातल्या कुनालाबी पटनार न्हाई. साहेबाला काय म्हाईत? त्यानं लिहून घेतलं. तिला वाटलं आसंल, आता कोनतरी म्हनंल, साहेब, आमच्यात रात्री चहा होत न्हाई. वडील बोलतील, न्हाईतर अक्का बोलंल. मला ती अक्का म्हनायची. मी तिच्या वडलांकडं बघितलं. त्यांच्या अजून दोन पोरी लग्नाच्या व्हत्या. त्यांनी मान खाली घातली. तुझे दादा मला घरातनं निघतानाच म्हनाले व्हते, तुला बी दोन लेकरं हायत. मी बोलले न्हाई. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली भेटायला आली. सगळी आपलीच मानसं. प्रत्येकाला सांगितलं, रात्री चहा करताना. प्रत्येकानं ऐकलं. आवं, प्रत्येकाला कळलं. एकानं इचारलं न्हाई."

मी विचारलं, मग हा स्टोव्ह कशाला ठेवलास एवढी वर्षं?

"पोलिसांनी बघून परत दिला. सासूबाई म्हनाल्या, कृष्णेत टाक. मी न्हाई टाकला. वाटलं, कोनतरी म्हनंल, दावा बरं तो फुटलेला स्टोव्ह. मग मी काढून दावीन. मला बोलावं लागनार न्हाई." ती हसल्यासारखं करून म्हणाली, "कोन मागतंय?"

मला तिचा राग आला. खूप आला, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना, कारण समोर बसलेली म्हातारी एवढीशी होती, तिच्या हनुवटीला ताक लागलेलं होतं. कडी काढणारीही हीच आणि गप्प बसणारीही हीच. मला उठून जावंसं वाटत होतं आणि तिची हनुवटी पुसावीशी वाटत होती. यांतलं काहीच मी केलं नाही. अंधारून आलं होतं. दिवा लावायला उठायचंही सुचलं नाही. काकू त्या खाटेवरून कुणाकडे बघत होती, तर आईच्या आडून माझ्याकडे, असं मला वाटायला लागलं, मी तिथे नव्हते तरी. मी हे वाक्य जिथे जिथे सांगितलं होतं तिथे तिथे ती उभी राहून ऐकत होती, शाळेत, घाटावर, मोर्चात माझ्या फलकाखाली. दर वेळी वाट बघत, की आता तरी हिच्या लक्षात येईल.

फोन वाजला. अपूर्वा. मी सवयीनं आवाज मोठा करून फोन फरशीवर ठेवला. तिच्या मागे रहदारीचा गोंगाट होता. "आई, स्टोव्ह पेटला? मस्त! ऐक ना, मला त्याची स्टोरी हवीय. प्रत्येक वस्तूसोबत मी छोटी गोष्ट लावते, लोकांना आवडतं. कुणाचा होता?"

"माझ्या काकूचा," मी म्हटलं. आई माझ्याकडे बघत होती. अंधारात तिचे डोळे दिसत नव्हते, पण बघत होती. आणि देव जाणे का, कदाचित तिला वाचवावं म्हणून, कदाचित जिभेला दुसरं वळणच नव्हतं म्हणून, माझ्या तोंडून निघालं, "रात्री चहा करताना तिचा अपघात झाला होता."

"अरे बापरे," अपूर्वा म्हणाली. "बिचारी. नको मग ते लिहायला. बरं, मी आतून वायर घातली तर चालेल ना? टाकीला भोक पाडावं लागेल."

तिला काहीच खटकलं नाही. कसं खटकणार? तिच्या घरात रात्री चहा होतो. रात्री दोन वाजताही होतो. जगात एवढ्या लोकांच्या घरात रात्री चहा होतो, आणि ज्यांच्या घरात होत नव्हता ती माणसं एकेक करून संपत आली होती. काकूनं जे वाक्य मोजून मोजून आमच्यासाठी ठेवलं होतं, ते ऐकून दचकेल असं माझ्यानंतर कुणी नव्हतं. आणखी थोडी वर्षं गेली की ते साधं खरं होऊन बसणार होतं.

आईनं हात पुढे केला. फोन तिनं कधी हातात धरला नव्हता. तिनं तो दोन्ही तळव्यांवर ताटलीसारखा आडवा घेतला आणि त्याच्यावर वाकून, स्टोव्ह चालू असल्यागत मोठ्यानं बोलली.

"बाळ, आमच्यात रात्री चहा होत न्हाई."

पलीकडची रहदारी एकदम कमी झाली, अपूर्वा आडोशाला गेली असावी.

"म्हणजे काय, आजी?"

"म्हंजे अनंतमती खोटं बोलली," आई म्हणाली. "खोटं हाय हे आमाला कळावं म्हनून बोलली. आनि आमी ते खरं धरलं."

मी खालून तिच्या हातांना हात लावला. "पुढं ऐक," आई म्हणाली, "कडी भाईरनं व्हती."